तिसऱ्या वर्षाची बंदी

९ मे

ताई,

सोसायटीच्या कामाचं लिहायचं आहे म्हणून लिहिते. दुसरं काही समजू नका.

खाडीतल्या कालवांच्या पट्ट्यावरची काढणीची बंदी ऑक्टोबरात संपते. पट्टा उघडायचा तर त्याआधी तुमच्या मत्स्य खात्याची पाहणी व्हायला हवी, असं चेअरमन म्हणतात. तुम्ही खात्यात आहात, पट्ट्याचा अभ्यास तुम्हीच केलात, बंदीचा रिपोर्टही तुमचाच. मग तुम्ही स्वतःच का विचारत नाही, असं मी चेअरमनना म्हटलं. तर म्हणाले, "घरातलीच माणसं तुम्ही. तुम्हीच लिहा." घरातली म्हणे. जानेवारीपासून या घरात तुमचं नाव मोठ्यानं कुणी काढलेलं नाही, हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही.

फोन का केला नाही, असं वाटेल तुम्हाला. तुमचे फोन येत होते, मी उचलत नव्हते. एकदा उचलला होता. तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि मी ठेवून दिला. तुमच्या आणि यांच्या आवाजात खालच्या पट्टीत काहीतरी एकच आहे. तुम्ही दोघं समोर असताना कधी लक्षात आलं नव्हतं. तेव्हा यापुढे जे विचारायचं ते लिहूनच विचारीन. तुम्हीही लिहूनच कळवा.

पट्टा बरा आहे. चोरी फारशी झाली नाही. यांची राखणीची पाळी आता मी करते. ओहोटीला खाडीकाठच्या खोपटात बसायचं, कुणी टोपली घेऊन पट्ट्यात उतरलं तर हटकायचं, एवढंच काम. चेअरमन म्हणाले होते, तुम्हाला पाळी माफ. मी म्हटलं, माफ करायला मी काही चोरी केलेली नाही. पाळी घराची आहे आणि घर अजून उभं आहे.

सासूबाई बऱ्या आहेत. कालवं फोडायची शेड बंदच आहे, त्यामुळे घरीच असतात. जेवतात. थोडं जेवतात.

मध्ये माझा भाऊ येऊन गेला, मला घेऊन जायला. त्याला म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत थांब. पट्टा उघडला की बघू. का म्हटलं कुणास ठाऊक.

पाहणीसाठी काय काय लागतं ते कळवा.

सोसायटीच्या वतीने,
तुमच्या भावाची बायको


१४ जून

ताई,

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमननं ते सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी अक्षर ओळखलं असणार. पाणी पिऊन झाल्यावर पेला ठेवावा तसं माझ्यापुढे ठेवलं आणि आत गेल्या.

तुम्ही लिहिलंत तशा रिकाम्या शिंपल्या तारेत ओवून माळा केल्या आणि पट्ट्यात ठिकठिकाणी बांधल्या. पाणबुड्या मदतीला होता. तुमच्या भावाचा जोडीदार, तोच तो, दुसऱ्या कुणाला हे नाव शोभायचं नाही. हल्ली तो माझ्याकडे बघून बोलत नाही. पाण्याकडे बघून बोलतो.

आता बातमी सांगते. बीज धरलंय, ताई. आज ओहोटीला माळा वर काढल्या. प्रत्येक शिंपलीवर बाळाच्या नखाएवढी, पातळ, पिवळसर कालवं चिकटलेली. एकेका शिंपलीवर दाटी. तुम्ही पाठवलेल्या भिंगातून बघितलं, तर एकेकाच्या कडेला नुकती वाढलेली पांढरी कड दिसली. पाणबुड्या म्हणाला, "वहिनी, असं बीज मी जन्मात बघितलं नाही."

हे सगळं मला यांनीच शिकवलेलं. तुम्ही त्यांना सांगायचात आणि ते मला येऊन सांगायचे, पदरचा मालमसाला घालून. कालवाचं पिल्लू पाण्यात दोन-तीन आठवडे वाहत हिंडतं, मग एकदाच जागा निवडतं. निवडली की चिकटलं, मरेपर्यंत तिथेच. आणि त्याला सगळ्यात आवडती जागा म्हणजे जुन्या कालवाची शिंपली. म्हणून शिंपल्या विकू नका, पुन्हा पाण्यात टाका, असा तुमचा घोष असायचा. आणि कालव आधी नर असतं, वय वाढलं की मादी होतं, हे सांगितलं तेव्हा किती हसले होते. म्हणाले, "आपल्याकडे असं असतं तर आईला माझी बाजू पटली असती आणि म्हातारपणी मला तुझी."

आज माळ हातात घेतली आणि मागे वळून हाक मारायला तोंड उघडलं. पाणबुड्यानं ते बघितलं. मग तो उगाच बोटीतलं पाणी उपसत बसला. बोटीत पाणी नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, बीज धरलंय, खूप धरलंय. त्या भांडी घासत होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाच्या जिवावर?"

याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर कळवा.

तुमच्या भावाची बायको


२ जुलै

ताई,

आज सोसायटीचं काम नाही.

पाणबुड्यानं काल मला सगळं सांगितलं. मी त्याला विचारलं नव्हतं. आम्ही खाडीच्या तोंडाशी माळा बघायला गेलो होतो आणि तिथून तो बाहेरचा खडक दिसतो. त्यानं इंजिन बंद केलं आणि बोलायला लागला.

मला एवढंच ठाऊक होतं, की हे खडकावरचे काळे शिंपले काढायला गेले आणि लाटेनं ओढले. पाणबुड्या म्हणाला, त्या दिवशी लाट मोठीसुद्धा नव्हती. ते कांबीनं शिंपल्यांचा झुबका सोडवत होते. तो सुटला तो एकदम, आणि त्याच्यासोबत तेही गेले. पाणबुड्यानं लगेच उडी मारली. पाणी गढूळ होतं. दोनदा हाताला शर्ट लागला आणि सुटला, तिसऱ्यांदा मिळाले. तोवर उशीर झाला होता. हे सांगताना त्यानं स्वतःचा उजवा हात उघडून बघितला, जणू त्या हाताला जाब विचारतोय.

मग मी म्हटलं, "पट्टा उघडा असता तर त्या खडकावर गेलेच कशाला असते." ताई, हे मी जानेवारीपासून मनात म्हणत होते. मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं.

पाणबुड्यानं इंजिनाच्या दोरीला हात घातला आणि परत काढला. मग म्हणाला, "वहिनी, ताईंनी दोनच वर्षं सांगितली होती."

रिपोर्ट लिहायच्या आधी तुम्ही दोघांना घेऊन पट्ट्यावर फिरलात म्हणे. दोन वर्षं बंद ठेवा, मग कडं लावून, कड्यातून निसटणारं लहान कालव परत टाकून, जपून काढत राहा, असं तुमचं म्हणणं होतं. तीन वर्षं हे म्हणाले. म्हणाले, "ताई, दोन वर्षांत यातली निम्मी अजून नरच असतील. एकदा तरी आया होऊ देत त्यांना." तुम्ही म्हणालात, लोक तीन वर्षं कळ काढणार नाहीत. हे म्हणाले, "लोकांचं मी बघतो."

म्हणजे तुमचं ऐकलं असतं तर गेल्या ऑक्टोबरातच पट्टा उघडला असता. जानेवारीत हे पट्ट्यात असते, गुडघाभर पाण्यात, शिव्या घालत, पाठ धरून.

त्यांना पोचवून आलो त्या संध्याकाळी तुम्ही दारात उभ्या होतात. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बंदीनं माझा मुलगा खाल्ला. जा, तुझी कालवं सांभाळ." सगळी माणसं होती. मीही होते, आणि मलाही तेव्हा तेच म्हणायचं होतं. तुमच्याजवळ उत्तर होतं. एका वाक्याचं काम होतं. तुम्ही मूग गिळून पिशवी उचललीत आणि गेलात. शेवटची बस निघून गेली होती, हे मला नंतर कळलं.

का गप्प बसलात? आणि यांनी मला का सांगितलं नाही? घरात तेलमिठावरून कुरबूर चालायची तेव्हा मी तुम्हाला किती बोल लावले, आणि हे ऐकून घ्यायचे. एकदाही म्हणाले नाहीत, की अगं, ते तिसरं वर्ष माझा हट्ट आहे.

मी कुणावर चिडले आहे ते मलाच कळत नाही. हे पत्र फाडणार होते. नाही फाडत.


१९ जुलै

ताई,

तुमचं उत्तर आलं. एवढं मोठं पत्र येईल असं वाटलं होतं, आलं अर्धं पान.

"आईला रागवायला कुणीतरी जिवंत माणूस हवं होतं. गेलेल्यावर रागावलं की राग परत आपल्याच अंगावर येतो. माझ्यावर असू दे. तिला सांगू नकोस."

दहा वेळा वाचलं. तुम्ही कालवांच्या पोटातलं सांगता तसंच माणसांचंही सांगता, थंडपणानं, आणि मग ते खरं निघतं. सासूबाई रोज पहाटे उठतात, अंगण लख्ख करतात, तुमच्या नावानं दोन शब्द पुटपुटतात आणि कामाला लागतात. दुसऱ्या कशानं त्या उठल्या असत्या असं मला वाटत नाही.

बरं. नाही सांगत.

पण मी काय करू, हे तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना तुमच्यावर रागावता येतं. मला आता तेही येत नाही.

तुमची वहिनी


१८ ऑगस्ट

ताई,

वरच्या धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले. तुम्ही वाचलं असेल. वरच्या शहरात पाणी शिरायला लागलं होतं, त्यामुळे सोडणं भाग होतं म्हणे. असेल. आमच्याकडे घरात पाणी शिरलं नाही, माणसं सगळी सुखरूप आहेत. पेपरात तेवढंच आलं आणि तेवढंच यायचं.

पण खाडी गोडी झाली.

पहिल्या दिवशी मी तुमची ती खारटपणा बघायची नळी घेऊन गेले. काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरली. एरवी निळ्या-पांढऱ्याची रेघ निम्म्याच्या वर असते. ती तळाला टेकली होती. मला वाटलं, मीच चुकले. पुसून पुन्हा बघितलं. मग पाणी जिभेला लावलं. विहिरीचं असतं तसं पाणी.

तुम्हाला काय सांगायचं? गोडं पाणी आलं की कालव दार लावून बसतं. खारं परत यायची वाट बघतं. भरती येते, थोडी आशा दाखवते, पण नदीच्या लोंढ्यापुढे तिचं काही चालत नाही. आठवडा गेला. दुसरा गेला. पाणी कोमट होतं. दार लावून तरी किती बसणार? मी रोज ओहोटीला जात होते. पाणबुड्या म्हणायचा, "वहिनी, जाऊन काय करणार आहात?" काही करणार नव्हते. आजारी माणसाजवळ बसतो तसं खोपटात बसत होते.

मग वास यायला लागला.

जिवंत कालव उघडायला कोयता लागतो, मनगट लागतं. मेलेलं आपणहून उघडतं. आज सकाळी पाणी उतरलं आणि सगळा पट्टा उघडा पडला होता. एवढा मोठा पट्टा, ताई, जिथवर नजर जाते तिथवर उघड्या शिंपल्या, आणि पक्षी. पक्ष्यांना मात्र मेजवानी. तळहाताएवढी मोठी कालवं, जी यंदा पहिल्यांदा आया झाली असतील, त्यांच्यात आत नुसता राखाडी चिखल. त्यांच्या पाठीवर चिकटलेली जूनची पिल्लंसुद्धा गेली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण हा महिना मोजायचा तरी कुणी?

लोक काठावर उभे होते. कुणी रडत नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "गेल्या ऑक्टोबरात उघडला असता तर निदान पोटात तरी गेली असती." म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी मिळून नाही बघितलं.

सासूबाई काठावर आल्या होत्या. किती महिन्यांनी घराबाहेर पडल्या. पट्ट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तो उगाच गेला."

ताई, हे मला तुम्हाला लिहायचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

तुमची वहिनी


५ सप्टेंबर

ताई,

तुमची तार असावी तसं दोन ओळींचं पत्र आलं. "खाडीच्या तोंडाशी खोल बाजूला बघा. तिथे तळाशी खारं पाणी टिकतं. त्यानं तिथे शिंपल्या टाकल्या होत्या."

मला ठाऊकच नव्हतं. पाणबुड्याला विचारलं तर म्हणाला, हो, मागच्या वर्षी फोडायच्या शेडमागचा शिंपल्यांचा जुना ढीग हे दोघं बोटीनं नेऊन तिथे ओतायचे. लोक हसायचे. शिंपल्या चुन्याच्या भट्टीवाल्याला द्यायच्या सोडून हा पाण्यात टाकतो, डोक्यावर परिणाम झालाय म्हणायचे. मला वाटायचं, ढीग भट्टीलाच गेला.

काल गेलो. पाणबुड्या खाली गेला. त्या दिवसानंतर तो पाण्याखाली गेला नव्हता, हे मला बोटीत बसल्यावर कळलं. काठाला धरून बराच वेळ बसला. मी म्हटलं, नको जाऊस, राहू दे. तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही तिकडे तोंड करून बसा." मी तिकडे तोंड करून बसले.

वर आला तो दोन्ही हातांत झुबका घेऊन. जुन्या शिंपल्यांवर यंदाची पिल्लं, आता अंगठ्याच्या पेराएवढी झालेली. घट्ट मिटलेली. मी एकाला बोटानं टिचकी मारली, तर भरीव आवाज आला. दुसऱ्याला मारली. तिसऱ्याला. पाणबुड्या म्हणाला, "खाली सगळीकडे अशीच आहेत."

यंदाची, ताई. गेल्या ऑक्टोबरात पट्टा उघडला असता, तर आया टोपल्यांतून गेल्या असत्या आणि यंदाचं बीज पडलंच नसतं. हे मला कळतं. तुम्ही लिहायची गरज नाही. पण मला हे कळून आनंद झाला असं समजू नका. तो अख्खा ढीग जिवंत पिल्लांसकट कुणी भट्टीत घातला आणि बदल्यात यांना एकदा दारात उभं केलं, तर मी विचारणारसुद्धा नाही कुणाला.

आता खरी अडचण ऐका. चेअरमन म्हणतात, ऑक्टोबरात पट्टा ठरल्याप्रमाणे उघडायचा. वर जी थोडीफार वाचली आहेत ती काढायची, तोंडाशी आहेत तीही काढायची, मेलेल्या शिंपल्या भट्टीला द्यायच्या आणि सोसायटी मिटवून टाकायची. त्यांना वाईट म्हणता येत नाही. लोकांनी तीन वर्षं पोटाला चिमटा काढला. त्यांचा स्वतःचा मुलगा गाव सोडून गेला. मला म्हणाले, "वहिनी, आता आशा दाखवू नका कुणाला. आशेनं माणूस मरतो. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

शिंपल्या गेल्या तर खाली चिखल उरणार आणि चिखलावर कालव धरत नाही. मग पट्टा कायमचाच गेला. हे मीटिंगमध्ये कुणीतरी उठून सांगायला हवं. आणखी दोन वर्षं तोंडाची बाजू बंद ठेवा म्हणायला हवं. तुम्ही इथे नाही. हे नाहीत.

ज्या शब्दानं माझं घर बसलं, तोच शब्द मी लोकांपुढे उच्चारायचा. बघा, काय वेळ आहे.

तुमची वहिनी


३ ऑक्टोबर

ताई,

मीटिंग झाली. सावकाश लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

शेडमध्येच बसलो होतो. फोडायची टेबलं भिंतीला लावलेली, मधे बाकं. घराची सभासद अजून सासूबाईच आहेत, हे मी विसरलेच होते. मी निघाले तर त्या चप्पल घालून दारात उभ्या. म्हणाल्या, "हात माझा आहे. मी येते."

चेअरमननी त्यांचं म्हणणं मांडलं. मग मी उठले. पाणबुड्यानं तोंडाजवळून आणलेला झुबका बादलीत होता, तो टेबलावर ठेवला. म्हटलं, ही जिवंत आहेत. वरच्या मेलेल्या शिंपल्या भट्टीला देऊ नका, पसरून तिथेच ठेवा. तोंडाची बाजू दोन वर्षं बंद ठेवा. तिथून बीज वर येईल. वर जी वाचली आहेत ती कड्यानं मोजून काढा, माझं काही म्हणणं नाही. 

मागून कुणीतरी म्हणालं, "आधी नणंदेनं बंदी घातली, आता भावजय घालते. या घराला बंदीचं वेडच आहे."

कुणी हसलं नाही. पण सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "घराला नाव ठेवू नका. माझ्या मुलाचा यात काही संबंध नव्हता. तीन वर्षांची बंदी माझ्या मुलीनं घातली, आणि त्यात माझा मुलगा गेला. तो बिचारा बहिणीच्या शब्दाखातर गप्प बसला."

सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. पाणबुड्यानं मान खाली घातली.

ताई, तुम्ही सांगू नकोस म्हणाल्या होतात. मी कबूल झाले होते. पण तसंच राहू दिलं असतं, तर बहिणीच्या शब्दाखातर गप्प बसलेला एक बिचारा, एवढीच यांची ओळख राहिली असती. ते बिचारे नव्हते. त्यांना कळत होतं ते काय मागताहेत.

मी म्हटलं, "आई, ताईंनी दोनच वर्षं सांगितली होती. तिसरं वर्ष यांनी मागून घेतलं."

त्यांनी पाणबुड्याकडे बघितलं. पाणबुड्या म्हणाला, "खरं आहे, काकू. मी तिथेच होतो."

त्या खाली बसल्या. बाकावर बसायचं होतं, पण बाक जरा बाजूला होतं, कशाबशा सावरल्या. नंतर कोण काय बोललं ते माझ्या नीट लक्षात नाही. हात वर झाले. शिंपल्या राहणार, तोंडाची बाजू बंद राहणार. थोडक्या मतांनी ठरलं. चेअरमननी सगळ्यात शेवटी हात वर केला, माझ्याकडे न बघता. सासूबाईंचा हात वर झाला नाही. मांडीवर होता, तसाच राहिला.

परत येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. दिव्याच्या खांबाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आता मी कुणावर रागवू?"

त्यांच्या हातातली काठी मी काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. अंगण तसंच राहिलं. मी झाडलं तर म्हणाल्या, नीट झाडलं नाहीस, पण उठून दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कण्हण्यासारखं काहीतरी ऐकलं, म्हणजे वारा नसताना फांद्या घासाव्यात तसं, आणि आत गेले तर त्या उशीत तोंड घालून रडत होत्या. जानेवारीत रडल्या नव्हत्या. तेव्हा ओरडल्या होत्या. मी शेजारी बसले. मग मीही रडले. दोघी मिळून रडायची ही पहिलीच वेळ. मधेच त्या म्हणाल्या, "मूर्ख होता." मी म्हटलं, "होते."

माझा भाऊ ठरल्याप्रमाणे येऊन गेला. बॅग भरलीस का म्हणाला. मी त्याला बसवलं, जेवायला वाढलं आणि म्हटलं, सासूबाईंना इथे एकटं टाकून मला येता यायचं नाही. रागावून गेला. येईल पुन्हा.

आज सकाळी सासूबाई उठल्या. चहा घेतला. मी पट्ट्यावर निघाले होते, शिंपल्या पसरायचं काम सुरू आहे. तर म्हणाल्या, "तिला लिही."

"काय लिहू?"

"ये म्हणावं." मग थोड्या वेळानं, "मी बोलणार नाही. आत्ताच सांगून ठेव. मला बोलता यायचं नाही तिच्याशी. पण ये म्हणावं."

तेव्हा या, ताई. सुट्टी मिळेल तेव्हा या. त्या बोलणार नाहीत, हे खरंच धरून चाला. मनात काही आशा बांधून येऊ नका. माझंही सगळं निवळलं आहे असं नाही. तुम्ही समोर आल्यावर मला काय वाटेल, ते मला आत्ता सांगता येत नाही. कदाचित मीसुद्धा तोंड फिरवीन. तरी या.

हे पत्र लिहीत होते तेव्हा त्या दारात दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या आणि विचारलं, "ती अजून थंड पाण्यानंच अंघोळ करते का?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

म्हणाल्या, "मग विचार की."

तेवढं कळवा.

तुमची वहिनी